सिपोराचा उजवा हात आणि शुक्रवारचे खल्ले

रविवार, १ जून

प्लास्टर निघून तीन दिवस झाले. सिपोराचा उजवा हात कोणा दुसऱ्याच बाईचा असावा असा दिसतो, बारीक आणि पांढुरका. घराच्या डेकच्या ओल्या फळ्यांवरून घसरली त्याला आता सात आठवडे. मनगटात धातूची पट्टी बसवली, हाड जुळलं. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. सर्जन म्हणाला, नस दुखावली आहे, जागी होईल. कधी? वाट बघा.

सि. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. सर्जनच्या हातात सुई-दोरा, चिमटे द्यायचे. बोटांना कळलंच नाही तर तिथे उभं कसं राहणार? हे आम्ही दोघंही मोठ्याने बोलत नाही.

आज तिने दुसराच विषय काढला. "सात शुक्रवार झाले, सुपरमार्केटचा पाव चालू आहे."
मी म्हटलं, ठाण्याला तर जन्मभर चपात्यांवरच हमोत्झीची प्रार्थना म्हटली, देवाने कधी तक्रार केली नाही.
"देवाने नाही केली. जुडिथ करते."

जुडिथ म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. न्यूझीलंडला, पोरिरुआत नवीन होतो तेव्हा तिनेच सि.ला खल्ला, म्हणजे शब्बाथचा वेणीचा पाव, शिकवला. त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हापासून दर शुक्रवारी दोन खल्ले घरी, एक जुडिथला. मी आजवर फक्त खाल्ले.

बोलून बसलो आहे, या शुक्रवारी मी करतो.

शुक्र., ६ जून

दिवे लागायला वीस मिनिटं आहेत, त्यानंतर शब्बाथ, लिहिणं बंद. म्हणून पटापट.

फार्मसीतून अर्धी सुट्टी घेतली. मैदा, यीस्ट, मीठ ग्रॅममध्ये मोजलं. सि. स्टुलावर बसून हसत होती. "बेनी, गोळ्या नाही भरायच्या बाटलीत. हाताने बघ."
हाताला काय कळतं? मला काहीही कळलं नाही. चिकट आहे म्हणून मैदा घातला. घट्ट झालं म्हणून पाणी. असं चार वेळा.

मग वरून चकाकी यावी म्हणून तुपाचा डबा काढला. सि. ओरडलीच. "अरे, कोंबडी शिजतेय आज! मांसाबरोबर दूधतूप?" जन्मात मटणानंतर दह्याला शिवलो नाही, आणि पावाला साजूक तूप चोपडायला निघालो होतो. पाव म्हटलं की मस्का, ही सवय जाते कुठे. लेक शिरा डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, पळाली, अंडी आणली, ती फेटून लावली.

वेणी मला येत नाही. शिरा सोळा वर्षांची, तिची वेणी मी कधी घातली नाही, हे आज लक्षात आलं. तिने ड्रेसिंग गाऊनचे तीन पट्टे खुर्चीला बांधून शिकवलं. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. "डॅड, यू आर स्ट्रँगलिंग इट."

ओव्हनमध्ये आहे. वास चांगला

रवि., ८ जून

वासावर जाऊ नये. सुरी आत जाईना. जुडिथला विचारलं, तर म्हणाली, "टोस्ट छान झाला."

सि.ने दोन तुकडे खाल्ले, मुकाट्याने. हे मी विसरणार नाही.

शुक्र., २० जून

मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची, सुट्टी. पाऊस, वारा, घरात हीटर. कसलीच घाई नाही. सि. म्हणाली, आज मी भिजवायचे तसं मोठं पीठ भिजवू, दोन किलोचं, बेराखा, ती आशीर्वादाची प्रार्थना, म्हणता येईल. थोड्या पिठावर म्हणत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. पन्नाशी उलटली माझी.

पीठ फुगलं. सि.ने डोक्यावर ओढणी घेतली आणि डाव्या हाताने आवळ्याएवढा गोळा तोडला. हा देवाचा वाटा, तो खायचा नाही, फॉइलमध्ये गुंडाळून जाळायचा. बेराखा म्हटली. मग डोळे मिटून नावं घेऊ लागली. ठाण्याची माझी आई, गुडघे. जुडिथ, छाती. वॉर्डातली कोणी एक टीना. सि.च्या भावाचा सासरा, ज्याच्याशी आमचं बोलणंसुद्धा नाही. शेवटी अगदी हळू, स्वतःचं नाव.

सतरा वर्षं दर शुक्रवारी पलीकडच्या खोलीत मी फोनवर क्रिकेट बघत होतो. आणि इथे भिंतीपलीकडे ही आम्हा सगळ्यांसाठी हे करत होती. आमेन मी दोनदा म्हटलं. शिराने माझ्याकडे पाहिलं आणि फॉइल पुढे केलं.

देवा, तुझे आभार. मनगटाचे नाही मानत. बाकी सगळ्याचे.

शुक्र., ४ जुलै

जमलं! जमलं, जमलं. वेणी सरळ, रंग विटेसारखा, टिचकी मारली तर पोकळ वाजतो. जुडिथला गरम नेऊन दिला. तिने दारातच तोडून खाल्ला. म्हणाली, "तिच्यापेक्षा बरा."

फोटो ठाण्याला पाठवला. आई म्हणाली, तुझे पप्पा शुक्रवारी मनुकांचं सरबत करायचे किद्दुशच्या प्रार्थनेला, तेवढंच त्यांना यायचं, तू पुढे गेलास. दादाचा मेसेज, "सिपोराला आता कायमची सुट्टी." सि.ला वाचून दाखवला.
ती "हं" म्हणाली.

रवि., १३ जुलै

शुक्रवारी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सि.ची हँड क्लिनिकची अपॉइंटमेंट होती. दमून आली, सोफ्यावर झोपली. हिवाळ्याचा दिवस, पाच वाजले की काळोख. म्हटलं कशाला उठवा. जुडिथच्या नातेवाइकांसाठीही हवे होते म्हणून पीठ मोठं होतं. मळलं, फुगलं, वेण्या घातल्या. आणि त्याआधी गोळाही काढला. टोपी घातली, पुस्तकात बघून बेराखा म्हटली, नावं घेतली, तिचं सगळ्यात आधी. गोळा फॉइलमध्ये, फॉइल ओव्हनमध्ये. स्वतःवर बेहद्द खूश.

ती जळक्या वासाने उठली. ओव्हन उघडून फॉइल बघितलं. "हे तू काढलंस?"
"तू झोपली होतीस."
तिने ओव्हनचं दार लावलं. दिवे तिने लावले. जेवण झालं. कोंबडी चांगली झाली होती, कोणी म्हटलं नाही. खल्ला तिने तोंडात घातला तो प्रसाद नाकारता येत नाही म्हणून घालावा तसा.

काल दुपारी बोलली. शिरा बाहेर गेली होती.
"पीठ तू मळलंस, चालेल. वेणी घातलीस, चालेल. जुडिथने तुझं कौतुक केलं, तेही चाललं मला, खोटं कशाला बोलू, थोडं लागलं पण चाललं. पण तो गोळा, बेनी? तो एका हाताने काढता येतो. तेवढंच एक राहिलं होतं माझ्याकडे. तेही उरकून टाकलंस."

उरकून. हा शब्द कालपासून डोक्यातून जात नाही.

मग दुसरी गोष्ट सांगितली. क्लिनिकनंतर ती वॉर्डात मॅनेजरला भेटली होती. ऑफिसातली जागा रिकामी आहे, याद्या लावायच्या, फोन घ्यायचे. थिएटरची जागा ऑगस्टअखेरपर्यंत तिच्यासाठी धरून ठेवतील, नंतर दुसरी नर्स घेतील. मॅनेजर बाई चांगली, रडत सांगत होती म्हणे. सि.लाच तिची समजूत काढावी लागली.

हे मनात घेऊन आली होती, म्हणून झोपली होती. मला वाटलं दमली.

आज सकाळी जुडिथकडे गेलो, ती जाणती आहे, कोणाकडून बोलणी खायची तर तिच्याकडून. विचारलं, पुरुषाने काढलेला गोळा धर्मात चालतो का. म्हणाली, "चालतो. तिला विचारलं होतंस?"
नाही.
"मग मला काय विचारतोस?"

घरी येऊन सि.ची माफी मागितली. कारणं दिली नाहीत, दोन-तीन तोंडाशी आली होती, गिळली. ती म्हणाली, "नावं कोणकोणाची घेतलीस?" सांगितली.
"टीनाचं विसरलास."
टीनाचं विसरलो होतो.

शुक्र., २५ जुलै

हँड क्लिनिकची मुलगी छान आहे. "किआ ओरा, सिपोरा" असा माओरी नमस्कार यमक जुळवून दर वेळी करते. तिने बोटांच्या व्यायामाला कणकेसारखी मऊ पुटी दिली आहे, दिवसातून चार वेळा दाबायची. सि. तिला म्हणाली, माझ्या घरी दर शुक्रवारी दोन किलो पुटी असते, ती चालेल का? चालेल म्हणे, उत्तमच.

म्हणजे आजपासून पीठ सि.चं. मी परात धरून ठेवायची, कारण ती एका बाजूला सरकते. दहा मिनिटांचं काम पाऊण तास. तळव्याचा जोर आहे, बोटं मागून फरफटत येतात. घामाघूम झाली. मध्येच मी हात पुढे केला, तिने नुसतं बघितलं, मी मागे घेतला. परात धरायलाही शहाणपण लागतं.

"कोमट आहे," ती म्हणाली. तळव्याला कळलं. बोटांना नाही.

गोळा तिने काढला. डावा हात. मी टोपी घालून शेजारी उभा.

शुक्र., ८ ऑगस्ट

तिघांचा धंदा चालू आहे. सि. मळते, मी परात आणि ओव्हन, शिरा वेण्या. शिराने सहा पदरी शिकून घेतली आहे, मोबाइलवरून. शुक्रवारी मैत्रिणींबरोबर मॉलला जायचं म्हणून गेल्या वर्षी केवढा तमाशा केला होता, आज मैत्रिणीलाच घरी घेऊन आली. ती दोन वेण्या घालून गेली, एक बिघडवून. "स्वीट अ‍ॅज," म्हणाली जाताना, म्हणजे झकास.

खल्ला आता ओबडधोबड होतो. एका बाजूला कच्चट, पीठ सारखं मळलं जात नाही. जुडिथ गप्प राहून खाते, हे तिला सोपं जात नसणार.

मला हाच आवडतो. माझा तो जुलैचा सुंदर खल्ला आठवला तरी लाज वाटते.

सि. थिएटरबद्दल बोलत नाही. काल कपाटातून थिएटरच्या टोप्या काढून धुतल्या, इस्त्री केली, परत ठेवल्या.

रवि., १७ ऑगस्ट

सि.ने आज भांडी धुताना सुरीने बोट कापून घेतलं. अंगठा. रक्त मी पाहिलं, तिला कळलंच नव्हतं. पट्टी बांधताना दोघंही विनोद करत होतो. विनोद फार वाईट होते.

तिने विचारलं, "ऑफिसात बसले तर तुला वाईट वाटेल?"
मी म्हटलं, तू जिथे बसशील तिथे डबा आणून देईन. तिला हे उत्तर नको होतं. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे, पण ते माझ्या हातात नाही.

शुक्र., २२ ऑगस्ट

दिवे लागायला पंधरा मिनिटं. दिवस लांबू लागलाय, पण आम्ही नेहमीसारखेच उशिरा.

आज गोळा तिने उजव्या हाताने काढला. तुटायला वेळ लागला, दोनदा निसटला. मी आणि शिरा खांबासारखे उभे. नावं घेतली, तिच्या भावाच्या सासऱ्यासकट. टीना घरी गेली आहे, बरी होऊन, तरी तिचं नाव घेतलंच.

मग वेण्यांवर पेरायला मी दोन वाट्या काढल्या, एकीत तीळ, एकीत खसखस. सि. म्हणाली, थांब. डोळे मिटले, उजवा हात पुढे केला. "बोटावर ठेव. कुठलं ते सांगू नकोस."

एक दाणा ठेवला. तिने अंगठ्याने तो फिरवून पाहिला.
"तीळ."
तीळच होता. शिरा मराठीत ओरडली, "आई, बरोबर!" मराठीत.

"दुसरं ठेव."
खसखशीचा दाणा ठेवला, त्याच बोटावर. तिने बोट हलवलं, अंगठ्याने चोळलं.
"ठेवलंस का?"
ठेवला होता. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, सांगतो. पण नर्सला काय फसवणार. म्हटलं, "ठेवलाय. खसखस."

तिने डोळे उघडले, बोटाकडे पाहिलं. मला वाटलं आता रडेल. मी पुढे झालो.
"सुई तिळापेक्षा मोठी असते, बेनी."

सोमवारी मॅनेजरला उत्तर द्यायचं आहे. काय देणार, विचारलं नाही. ती काडेपेटी शोधते आहे, हाक मारते आहे, बंद कर आता ते लि