सोंग थांबवायचं कुणी

५ डिसेंबर २००२, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा मांडली, कहाणी वाचली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. हे शाळेतून येताना पोस्टातून एक पाकीट घेऊन आले. मुंबईच्या सरकारी कार्यालयाचं. लोककलेच्या मंडळांना अनुदान मिळणार आहे, आपल्या बोहाडा मंडळानं अर्ज करावा. हे चहा निवला तरी तेच वाचत बसले.

कारण रावजी. गेल्या चैत्रात बोहाडा आला, देवांच्या मुखवट्यांची सोंगं निघाली, तेव्हा रावजी सनईवाले वसईकडे वीटभट्टीवर. उचल घेतलेली, मालक सोडेना. मग टेपवर सनईची कॅसेट लावली. गणपतीचं सोंग देवळातून निघालं आणि टेपचे सेल उतरले. सनई रेकायला लागली. पोरं हसली. आबा उठून घरात गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. सून म्हणून इतक्या वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं.

अनुदान मिळालं तर रावजींना महिन्याचं मानधन. भट्टीवर जायला नको. चांगलंच आहे. तरी पाकीट देवापुढे ठेवताना पालथं ठेवलं.

८ डिसेंबर, रविवार

दिवसभर अर्ज. ह्यांचं अक्षर घाईचं, म्हणून मी लिहिला. संस्थेत एक तरी स्त्री पदाधिकारी हवी असं कलम आहे. हे म्हणाले, तू घरचे हिशेब ठेवतेस, मंडळाचे ठेव. झाले मी कोषाध्यक्ष. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटची नक्कल जोडली. लग्नानंतर पहिल्यांदाच ट्रंकेतून बाहेर आलं ते.

साहित्याचा रकाना होता. संबळ १, सनई १, घुंगरू, ताडपत्री १. पुढे मुखवटे. ज्याला ओवाळते त्याचं नाव ताडपत्रीच्या खाली लिहायचं? हात अडला. मग ‘श्री’ लावून लिहिलं. श्री गणपती, श्री नरसिंह. जरा बरं वाटलं.

टपाल, झेरॉक्स मंडळाकडे मांडले. शाई घरची.

२ जानेवारी २००३, गुरुवार

शेवटचा गुरुवार, उद्यापन. सात जणींना हळदीकुंकू, केळी.

अर्जाला उत्तर आलं. तिथल्या कुणी कारकुनानं लिहिलंय, श्री. नरसिंह व श्री. गणपती या कलाकारांच्या रेशनकार्डाच्या नकला जोडलेल्या नाहीत. हे पोट धरून हसले. आबाही हसले, म्हणाले, “त्याला लिव, ह्यांना रेशन आमीच घालतो.” मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. सरकारी कागदावर देवाचं नाव तपासाला लागलं. रात्रीचा भात कमी गेला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घरीच, गूळ कमी घातला.

आज जे आलं ते वाईट. २० फेब्रुवारीला जव्हारला समिती येणार. हॉलमध्ये दुपारी प्रत्येक मंडळानं दहा मिनिटांचा नमुना दाखवायचा. पसंत पडलं तर अनुदान. आमच्याकडून नरसिंहाचं सोंग मागितलंय. म्हणजे हे. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडल्यापासून सोंग ह्यांच्याकडे आहे.

मुखवटे चैत्रातच निघतात. एरवी देवळाच्या माळ्यावर कापडात बांधलेले. मधे काढत नाहीत. ह्यांचे थोरले चुलते एकदा नाशिककडच्या कुठल्या मेळाव्यात मुखवटा घेऊन नाचले, माघात. परत आले आणि उजवं अंग गेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते ओट्यावर असत, मी भरवायची. कुणी उघड म्हणत नाही की त्यामुळे. नाही असंही कुणी म्हणत नाही.

ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, काकांना बी. पी. होतं. म्हटलं, तुम्हालाही आहे.

३० जानेवारी, गुरुवार

रावजी आले होते. भट्टीचा मुकादम परत उचल द्यायला आला होता, त्यांनी घेतली नाही. अनुदानाच्या भरवशावर. बायको रागावलीय. म्हणाले, “गुरुजी, सनई फुकून पोट नाय भरत, पन भट्टीचा धूर खाऊन सनई पन नाय वाजत.” छाती दाखवली. चार जिने चढल्यासारखा दम. मी त्यांना भाकरी वाढली आणि मनात म्हणत राहिले की ह्यांनी नाही म्हणावं, नाही म्हणावं. हे कसे म्हणतील.

आबांना विचारलं, गावदेवीला कौल लावायचा का? म्हणाले, “देवी नको म्हनली तर रावजीला तू सांगशील?”

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या जायचं. मी एक ठरवलंय, कुणाला सांगितलेलं नाही.

बोहाड्यात सोंग दारोदार नाचत येतं. मुखवट्यातून दिसत नाही, म्हणून भाऊजी, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, मागून कमरेचा शेला धरून असतात. दारात घरची बाई ओवाळते, नारळ ठेवते, मग सोंग वाकतं आणि थांबतं. ओवाळल्याशिवाय थांबत नाही. आबा म्हणतात, उठवायचं काम संबळाचं, बसवायचं बाईचं.

तर उद्या मी ओवाळणार नाही. तबक नेणारच नाही. ओवाळलं नाही म्हणजे देव आलाच नाही. नुसतं नाटक झालं. नाटकाला देव कशाला रागावेल? शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं राम होतातच की.

असं लिहिलं की पटतं. वही मिटली की पटत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहायला बसले नाही. आज क्रमानं लिहिते.

सकाळच्या एस.टी.नं निघालो. मुखवटा नव्या तांबड्या कापडात, ह्यांच्या मांडीवर. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. आबा म्हणाले, माणसासारखं मांडीवर बसलंय की. तो म्हणाला, मग फूल तिकीट लावू? लगेजच घेतलं. प्रवासखर्चात मांडलं.

हॉलमध्ये समितीचे दोन साहेब आणि एक मॅडम. बोलायला चांगल्या. समई लावली, भाषण झालं. आमच्या आधी तारपावाले. मग आम्ही. रावजींनी सनई लावली तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं. खरंच सुरेख वाजवली.

हे आले. भाऊजी मागे शेला धरून. तेवढ्यात मॅडमनी हात वर केला. “मागचे गृहस्थ जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताहेत.”

भाऊजींनी आबांकडे पाहिलं. आबांना ते दिसणार कसं. शेला सोडला आणि विंगेत उभे राहिले.

हे नाचत होते. मी खुर्चीच्या कडेवर, पुटपुटत, नुसतं नाटक आहे, नुसतं नाटक. दहा मिनिटं झाली, घंटा वाजली. रावजींनी सनई काढली. संबळ थांबला. हे थांबले नाहीत. सगळा हॉल गप्प आणि फक्त घुंगरू. आधी एकदोघांनी टाळ्या वाजवल्या, मग त्याही थांबल्या. हे गोल फिरत फिरत पुढे सरकत होते. स्टेज छातीएवढं उंच, खाली फरशी. भाऊजी धावले, शेला हाताला लागेना. हातातली लाकडी तलवार गरगर फिरत होती, जवळ जाता येईना. मी ह्यांना नावानं हाक मारली. लोकांदेखत. जन्मात पहिल्यांदा. ऐकू गेली नाही, की ती हाक त्याला नव्हतीच, कोण जाणे.

आबा शेजारी बसले होते. घुंगरांवरून त्यांना सगळं कळत होतं. आवाज न चढवता म्हणाले, “सूनबाई, ओवाळ.”

माझ्याकडे काही नव्हतं. मीच नेलं नव्हतं.

पाहुण्यांच्या सत्काराचं ताट टेबलावर होतं, नारळ, कुंकू, फुलं. ते उचललं. समई पेटवायची मेणबत्ती अजून जळत होती, ती ताटात चिकटवली. पायऱ्या कशा चढले आठवत नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि पुढ्यात उभी राहिले. वाटलं, आता तलवार लागणार. ओवाळलं. मेणबत्तीनं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाय थांबले. स्टेजची कड वीतभर राहिली होती. डोकं दारात वाकवतात तसं वाकवलं. मी कुंकू लावलं, नारळ पायाशी ठेवला.

आतून आवाज आला, ह्यांचाच, पण लांबून आल्यासारखा. “घर आलं का?”

मी म्हटलं, आलं.

टाळ्याच टाळ्या. मॅडम वर आल्या, माझा हात धरला, म्हणाल्या, “शेवट फार सुंदर बसवलाय. कल्पना कुणाची?” एक साहेब म्हणाले, स्त्रियांचा सहभाग ठळक दिसतो, आणि काहीतरी लिहून घेतलं.

येताना एस.टी.त हे कापत होते. माझी शाल दिली. अजून अंगात कणकण आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताप उतरला. पण उजवा हात जड वाटतो म्हणाले. खडू धरवत नाही.

ऐकलं आणि मोरीत जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

जव्हारच्या डॉक्टरांनी तपासलं. थकवा आहे, मीठ कमी करा. गोळ्या दिल्या. हात वर करायला सांगितला, केला. आबा संध्याकाळी ह्यांच्याजवळ बसून तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपत होते. भावाचाही असाच चाचपला असेल का, विचारायचं धाडस झालं नाही.

ओवाळलं म्हणून हे वाचले की ओवाळलं म्हणून देव आला? नाटकच राहू द्यायचं होतं मला. मीच तर त्याला घर आलं म्हणून सांगितलं. हॉलला घर म्हटलं. खोटं.

१८ मार्च, मंगळवार

काल होळी. पुरणपोळ्या दोनदोनच. ह्यांनी उजव्या हातानं नारळ टाकला. टाकला नीट. मी बघत होते, आबा कान देऊन ऐकत होते.

आज मंजुरीचं पत्र. सगळ्या मंडळांत आपलं पहिलं. रावजींचं मानधन बसतंय, संबळवाल्याचंही, माळ्यावर पत्राही टाकता येईल. अटी दोन. वर्षात सहा प्रयोग, पहिला आषाढात मुंबईला, आणि “कोषाध्यक्षा बाईंच्या ओवाळणीचा शेवटचा प्रवेश कायम ठेवावा.” संमतीपत्र एप्रिलअखेर पोचलं पाहिजे, माझ्या सहीनं.

अंगणात माणसं जमली. रावजींची बायको पेढे घेऊन आली, एवढुसे, पण पेढे. माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरले. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही तर नटी झालात, आता आम्हाला पास द्या.” सगळे हसले. मी पण.

६ एप्रिल, रविवार

सही केलेली नाही. हे विचारत नाहीत, तेच जास्त लागतं. आज एवढंच म्हणाले, “नाचणारा मी आहे. थांबवणारी तू. तुला जमणार नसेल तर मला जमणार नाही.”

मग मी बोलून टाकलं, जे इतके दिवस नुसतं आत होतं. मुंबईत खोटं ओवाळायचं, पुण्याला खोटं ओवाळायचं, सहा वेळा. मग चैत्रात दारात खरं ओवाळलं ते त्याला कळेल का? नाही थांबला तर?

हे म्हणाले, जव्हारला खोटं ओवाळलंस?

नाही.

मग?

म्हणजे सहाही वेळा खरं ओवाळावं लागेल. सहाही वेळा तो येणार. ही भीती पहिलीपेक्षा मोठी.

९ एप्रिल, बुधवार

दिवे लागायच्या आधी लिहिते. आज आपलं सोंग निघणार. यंदा सनई खरी आहे, देवळाकडून ऐकू येतेय. रावजी मधेच दम घ्यायला थांबतात तेही कळतं.

ह्यांचा सकाळपासून उपास. भाऊजींनी शेल्याला दोन गाठी मारल्या, मला आणून दाखवल्या. आबा ओट्यावर येऊन बसलेत, मला म्हणाले, “घाबरतेस?” हो म्हटलं. म्हणाले, “तुझी सासू पन घाबरायची. दर साली.” मला वाटत होतं, मी एकटीच.

संमतीपत्र देवघरात नारळाखाली ठेवलंय. पेन जवळच आहे. आज दारात थांबले तर... थांबतीलच. मग उद्या टपालाआधी काय ते ठरवीन.

तबकात निरांजन, कुंकू, फुलं, नारळ. काडेपेटी नवी फोडली. वाती दोन जास्त घेतल्यात. वारा सुटलाय, दारात ज्योत टिकेल का बघून येते.