प्रेसचं डावं बटण

प्रिय रसेल,

दोन दिवस तुझा फोन उचलत नाही म्हणून चिडला असशील. तोंडाने सांगायला जमणार नाही, म्हणून लिहितोय. आधी पूर्ण वाच, मग काय फाडायचं ते फाड.

परवा डॉक्टरने तुला रबरी चेंडू दिला आणि उरलेल्या अंगठ्याने प्रेस कर म्हणाला, तेव्हा तू हसलास. आपल्या नशिबी एकच शब्द आलाय म्हणालास. खरंच रे. अंधेरीच्या त्या गाळ्यात नऊ वर्षं आपण प्रेसवर पत्रा ठोकला. तुझी आई, कॉन्सेप्टा मावशी, गावठाणात लोकांचे कपडे प्रेस करते. तुझी बोटं गेली तेव्हा बाइकवर प्रेस लिहिलेला एकजण आला आणि कामगाराच्या निष्काळजीपणावर चार ओळी छापून मोकळा झाला. त्या वाचून तू पेटलास. निष्काळजी कोण ते शोधायला निघालास आणि आपल्याच गाळ्यातला केतन सापडला.

नियम तूच मला शिकवलास. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. काम उरकायला सगळेच डाव्या बटणावर काळी टेप मारायचे, पण मारेल त्यानेच पाळी संपताना ती काढायची. त्या भरवशावर अडकलेला तुकडा काढायला तू डावा हात आत घातलास आणि उजवं कोपर बटणाला लागलं. चार बोटं पत्र्यासारखी चपटी झाली. दुसऱ्या दिवशी साचा मी धुतला. खाचेत एक नख राहिलं होतं.

पाळी बदलताना मशीन तुला केतनने दिली, म्हणून टेप त्याची, असं तू धरलंस. रविवारी तू आणि तुझ्या भावाने, अल्फान्सोने, त्याला गाळ्यामागे गाठलं. सळईचा पहिला फटका जबड्यावर बसला. दात माझ्या चपलेवर पडले. मी नाही रे, मी नाही, म्हणत होता. जबडा तुटल्यावर नुसता घरघरत राहिला. मागून त्याचे हात मी धरले होते, आणि तू दमेपर्यंत सोडले नाहीत. नंतर तू मला मिठी मारलीस. तेव्हापासून मला स्वतःची किळस येते.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, रसेल. तुझी बोटं गेली त्या दिवशी मी पाळी संपायच्या दहा मिनिटं आधी निघालो होतो. मुलुंडला लग्नासाठी वसुधाला बघायला जायचं होतं. मावशीने प्रेस करून दिलेला शर्ट खिळ्याला होता, त्याची इस्त्री मोडू नये एवढंच डोक्यात. केतनला म्हटलं, रसेल येईपर्यंत मशीनपाशी थांब ना यार. तो नुसता उभा राहिला, मशीनला त्याने हातही लावला नाही. टेप माझी होती. काढायची राहिली.

गुरुवारी केतनला हॉस्पिटलमधून घरी सोडणार आहेत. त्याचा हात प्रेसखाली घालायची शपथ तू घेतली आहेस आणि तू ते करशील, हे मला ठाऊक आहे. त्याला हात लावू नकोस. आधी त्याला सगळं सांगतो आणि त्याच रात्री अकराला तुमच्या गावठाणातल्या क्रुसापाशी येऊन उभा राहतो. माझे हात मागून कुणाला धरावे लागणार नाहीत.

तुझाच,
सर्वेश