न लावलेला थर

प्रिय डॅरिल,

मागच्या शेतात ऊस जाळलाय. अंगणभर काळी राख पडतेय. अशा दिवशी डॅड काय करायचे, आठवतं? आधी नुसत्या पाण्याने राख वाहून घालवायची, मग साबण, मग मऊ फडक्याने मेण, अजिबात घाई न करता. आपल्या मकाय गावच्या उन्हात त्यांनी जुनी गाडी तीस वर्षं चकचकीत ठेवली.

सत्तरीला आपण दोघा भावंडांनी त्यांना ती निळी गाडी दिली, तेव्हा ते म्हणाले, "रंगाचं मी बघेन, पोरी. डबाभर मेण पुरे." मी गाड्यांच्या शोरूममध्ये नेमकं तेच विकत होते, रंगावरचा संरक्षक थर, पाच वर्षांच्या हमीसकट. म्हटलं, "डॅड, मेणाचे दिवस गेले. आमची माणसं लावतील. तुम्ही फक्त पाणी मारा, मेण लावलं तर हमी जाईल." माझा शब्द म्हणून त्यांनी ऐकलं.

दीड वर्षात बॉनेटवर पांढुरके चट्टे उठले. वटवाघळांच्या घाणीने टपाचा रंग खाल्ला. नाताळला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "काय म्हातारबुवा, चोरून मेण घासलंत ना? गेली हमी!" सगळे हसले. डॅडही हसले. मेण त्यांनी खरंच लावलं होतं, एकदाच. नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "माझ्याच हातानं बिघडली का गं?" मी भांडी विसळत राहिले. म्हटलं, "असेल."

त्यानंतर त्यांनी फडकं हातात घेतलं नाही. शेजारच्या बेरिलची गाडी दर शनिवारी धुवायचे, तेही सोडलं. "नको बाई, माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही." मग गाडी चालवणंही थांबलं. दिवसभर पडदे ओढून खुर्चीत बसायचे.

डॅरिल, त्या गाडीवर थर लावलाच नव्हता. त्या आठवड्यात काम तुंबलं होतं. मॅनेजर म्हणाला, "धू, पूस, काचेवर हमीचा स्टिकर लाव आणि देऊन टाक. कोण बघतंय!" स्टिकर मी लावला, माझ्या बापाच्या गाडीवर. पुढे कधीतरी गुपचूप करून घेऊ, असं ठरवलं, ते राहूनच गेलं. त्या रंगाला जी काही राखण मिळाली, ती डॅडच्या त्या एका मेणाची.

काल फोनवर तू म्हणालास, चर्चमध्ये डॅडच्या शवपेटीपाशी उभा राहून तू मेणाचा किस्सा सांगणार, लोक जरा हसतील. सांगू नकोस. तिथे मी उभी राहीन आणि वर लिहिलंय ते सांगेन. आधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. नंतर माझं तोंड बघावंसं वाटलं नाही, तर बघू नकोस.

तू म्हणशील तोवर तुझीच,
नोएलीन