आंतर की अंतर्

९ जून

आंतरराष्ट्रीय व्यवहार या विषयाच्या एम.ए.चं माहितीपत्रक आज दोनदा वाचून काढलं. चोवीस पानं, सदतीस चुका. सगळ्या लाल शाईनं खुणावल्या. 'विद्यार्थी' दोन ठिकाणी ऱ्हस्व. पान तीनवर शहर औरंगाबाद, पान चारवर छत्रपती संभाजीनगर, पान अकरावर 'छत्रपति'. जगाचे व्यवहार शिकवायला निघालेत, आणि स्वतःच्या गावाचं नाव आठ पानं टिकत नाही.

मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोळा. त्यावर आपला देश एवढा मोठा की आफ्रिका मागं दडपून गेली. विभाग पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला, नव्या इमारतीत. सुरू होऊन तीन वर्षं. इमारतीचा फोटो मुद्दाम खालून काढलाय, बाजूचं ओसाड रान दिसू नये म्हणून.

फॉर्म मी भरलाय. कुणाला बोललो नाही.

१२ जून

बोलावं लागलं. मुलाखतीचं पत्र खोलीवर आलं आणि गजाननानं फोडलं. मुकुंदवाडी स्टेशनमागच्या या खोलीत आम्ही दोघंच. तो चार वर्षं तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करतोय, म्हणजे झोपतो. मी भांडी घासत होतो तर पत्र नाचवत आला. "परराष्ट्रमंत्री, तवा राह्यलाय ना!" आता आठवडाभर हेच.

पत्राच्या माथ्यावर विभागाचं नाव, ठळक, तांबड्या अक्षरांत: 'अंतर्राष्ट्रीय व्यवहार विभाग'. अडतिसावी चूक, आणि सगळ्यांची आई. 'आंतर' म्हणजे दोघांच्या मधलं. आंतरजातीय, आंतरशालेय. 'अंतर्' म्हणजे आतलं. अंतर्गत, अंतर्मन. आंतरराष्ट्रीय म्हणजे देशादेशांमधलं, अंतर्राष्ट्रीय म्हणजे देशाच्या आतलं. हिंदीत चालत असेल, मराठीत नाही. ज्यांना आपण देशाच्या आत शिकवतो की बाहेर हे तीन वर्षांत उमगलं नाही, त्यांच्याकडं मी दोन वर्षं घालवायची.

पत्राखाली अट: शिक्षणात खंड असल्यास शपथपत्र जोडावे, कारणासह.

१३ जून

खंड. चार वर्षांचा. बारावीला इंग्रजीत गेलो, परत बसलो, परत गेलो. मग चार वर्षं काही नाही. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी, बी.ए. तर सगळंच बाहेरून. घरी पुस्तकं यायची, परीक्षेपुरता जायचो. वर्गात शेवटचा बसलो त्याला आठ वर्षं झाली.

सलीमभाईंनी आजच गाठलं. त्यांच्या छपाईच्या दुकानात सहा वर्षं मी संगणकावर बसतो. जुळणी माझी, मुद्रितं तपासणंही माझं. शहराचं नाव बदलल्यापासून तर दम नाही, सगळ्या गावाला पाट्या आणि लेटरहेडं नवी हवीत.

"देखो मियाँ, छावनी में नवी दुकान डाल रा हूँ. तुम संभालो. पंदरा जुलै तक बोल दो. हौ तो हौ, नक्को तो नक्को."

प्रवेश निश्चित करायची शेवटची तारीखही १५ जुलैच. वर्ग अकरा ते चार. दोन्ही जमणार नाही.

२१ जून

मुलाखत झाली.

बाहेर बाकावर आम्ही नऊ जण. एकजण म्हणाला, तो 'ग्लोबल पॉलिटिक्स फॉलो' करतो. विचारलं कुठं. म्हणाला मोबाईलवर. एका मुलीला बँकेत लागायचंय, तोवर रिकामं बसायला नको म्हणून आली. हे माझे भावी सहाध्यायी.

आत मॅडम. विभागप्रमुखही त्याच आणि मुख्य प्राध्यापकही त्याच. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, टेबलावर डबा. दुसरे एक सर होते, ते मोबाईलमध्ये होते.

मॅडम म्हणाल्या, "इथंच का यावंसं वाटलं?"

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. उत्तर पाठ होतं. पण तोंडातून दुसरंच गेलं. "मॅडम, तुमच्या विभागाचं नाव चुकलंय." पत्र पुढं ठेवलं. लाल गोल केलेलाच होता.

सरांनी मान वर केली. मॅडमनी चष्मा लावला, बघितलं. "सांगा बरं, काय चुकलं?"

सांगितलं. आंतर, अंतर्, उदाहरणांसकट. आवाज माझा चढला होता बहुतेक.

त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. आता मला सांगा, अठ्ठेचाळीसची हैदराबादची पोलीस ॲक्शन. फौज आली, रणगाडे आले, तरी नाव पोलीस. निजामाची तक्रार संयुक्त राष्ट्रांत गेली होती. मग ती गोष्ट अंतर् की आंतर?"

पत्र उचलून घडी घालायला लागलो.

"बघा विचार करून," म्हणाल्या, आणि पुढच्याला बोलावलं.

२२ जून

स्वस्त युक्ती. चूक दाखवली की प्रश्न विचारून गप्प करायचं. शाळेतले मास्तरही हेच करायचे. शुद्धलेखनाचा आणि निजामाचा काय संबंध? आणि स्वतःचं नाव चुकलंय त्याबद्दल चकार शब्द नाही. 'बरोबर आहे तुमचं' एवढंच.

शाळेत पोलीस ॲक्शन आम्हाला एवढीच शिकवली: सतरा सप्टेंबर, झेंडावंदन, लाडू. कुणाची तक्रार कुठं गेली वगैरे कधी कानावर नाही.

गजानन विचारतोय, झालं का सिलेक्शन. म्हटलं, ज्याला नको असतं त्याला सगळीकडं घेतात.

२६ जून

घेतलं. यादीत नाव दुसरं. नऊपैकी आठ घेतलेत, म्हणजे दुसरं असण्यात काही नाही. माझ्या आडनावात वेलांटी चुकवली आहे.

२९ जून

गावी, पिशोरला जाऊन आलो. अण्णा मका डवरायच्या घाईत. दुपारी बांधावर भाकरी खाताना काढलंच. छावणीचं दुकान, नाहीतर हे एम.ए.

"कशाचं एम्मे?"

"आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं."

"म्हंजी करायचं काय त्यात?"

"देशादेशांचे संबंध असतात ते..."

"लई झालं," अण्णा म्हणाले. "आपल्या भाऊबंदात बांधावरून बोलणं नाय, अन् हे पोरगं देशाचं संबंध बघणार."

आई हसली. मीही हसलो. तिथं राग येत नाही, इथं लिहिताना येतोय.

मग सहज विचारलं, आबा पोलीस ॲक्शनबद्दल काही सांगायचे का? आबा म्हणजे माझे आजोबा, अण्णांचे वडील. मी लहान असताना गेले. अण्णांनी भाकरी खाली ठेवली.

"ते घाटाचं सांगायचे नेहमी. आबा पोरगे व्हते तव्हा कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजाराला जायचे. घाटाच्या खाली इंग्रजाचं, वर आपली निजामाची मोगलाई. मधी करोडगिरीचा नाका. गाडी थांबवायचे, पोती उपसायचे. बैलाच्या घुंगरमाळंचीबी जकात मागायचे. एकदा आबांनी विचारलं, 'दादा, मामाच्या गावाला जायला कसली जकात?' तर नाकेदार म्हनला, 'मामा दुसऱ्या मुलखात ऱ्हातो तुजा.'"

"मग?"

"मग काय? ॲक्शन झाली, मागनं नाका उठला. आबा म्हनायचे, मामा हाय तिथंच ऱ्हायला, मुलूख सरकला."

परत येताना एसटीत पूर्ण वेळ हेच डोक्यात. कन्नडचा घाट मी शंभर वेळा उतरलोय. नाका कुठं होता ते ठाऊक नाही.

मॅडमचा प्रश्न तरीही स्वस्तच.

३ जुलै

पडेगावला गेलो. आधीच्या तुकडीतला कुणी भेटतो का ते बघायला. चहाच्या टपरीवर एक भेटला, पुढं काय झालं विचारलं. पहिल्या तुकडीत सहा जण. एक पुण्याला पुढं शिकतोय. दोन बँकेच्या परीक्षा देतात. एकीचं लग्न झालं, दुबईला असते.

"ती खरी आंतरराष्ट्रीय," तोच म्हणाला.

"आणि बाकीचे दोघं?"

"एक मी. काकाच्या ट्रॅव्हल्सवर बसतो. गाड्या सुरतेला जातात आमच्या."

"मग घालवलेली दोन वर्षं..."

"अरे मॅडम भारी शिकवतात पण," तो म्हणाला. "म्हणजे आपल्याला काय मिळालं नाही, ते सोड. पण भारी." चहा त्यानंच पाजला.

याला काय म्हणायचं. अपयशाची जाहिरात करणारा माणूस, तीही फुकट.

७ जुलै

लिहू की नको.

दुपारी कॉलेजातून दुकानात फोन. अंतर्राष्ट्रीयवाल्यांची लेटरहेडं संपली, नवी काढा, जुनी होती तश्शीच. ती आपल्याकडंच छापलेली हे मला आठवतच नव्हतं. सलीमभाई म्हणाले, "हौ, पैले से हमारेइच पास."

जुनी फाईल उघडली. तीन वर्षांपूर्वीची. मग कपाटातून मुद्रिताचा गठ्ठा काढला, कारण तपासलेलं प्रत्येक मुद्रित मीच जपून ठेवायला लावतो.

कॉलेजनं पाठवलेला, मॅडमच्या सहीचा कागद टाचलेला होता. हातानं लिहिलेला, निळी शाई, गोलसर अक्षर: 'आंतरराष्ट्रीय व्यवहार विभाग'. अचूक. त्यावर लाल पेनानं काट. वर लाल अक्षरांत 'अंतर्राष्ट्रीय'. कोपऱ्यात 'तपासले' आणि माझी सही, तारखेसह.

तेव्हा मी नुकताच बारावी झालो होतो. नियम अर्धा ठाऊक होता. जोडाक्षर असलं की ते जास्त शुद्ध, असं वाटायचं. समोरच्याला कमी कळतं, असंही.

मुलाखतीत त्या टेबलावर मी माझंच अक्षर ठेवलं आणि त्याच्याभोवती गोल केला.

१० जुलै

तीन दिवस काही लिहिलं नाही. जेवण नीट नाही. माहितीपत्रकातल्या सदतीस चुका परत मोजल्या. त्यांतल्या तीन मुळात चुका नाहीतच. चौतीस.

सलीमभाईंना सांगितलं. वाटलं, दुकानाचं नाव जाईल, संतापतील. ते खुर्चीत मागं रेलून हसले.

"मियाँ, तेरी एक गलती पे कालेज तीन साल चला. इसको बोलते पक्का काम."

"भाई, मस्करी नका करू."

"फिर क्या करूँ? रोऊँ? सही करके छाप दो, पैसे हम नहीं लेते." मग, "लेकिन पंदरा को मेरे को जवाब होना. वो कालेज का नहीं, तेरा."

गजाननला सांगायची चूक केली. तो म्हणतो, "म्हंजे तू शिकायच्या आधीच त्यांना शिकवून आला की." आणि परत झोपला.

१४ जुलै

शपथपत्र टाईप केलं. 'सदर कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही.' हे सोपं. कारणाच्या ओळीवर दीड तास. 'कौटुंबिक अडचणीमुळे' असं सगळेच लिहितात. दुकानात अशी पन्नास तरी मी टाईप केली असतील. अडचण कुटुंबाची नव्हती, अण्णांनी कधी नाही म्हटलं नाही. शेवटी लिहिलं, 'इंग्रजी विषयात अनुत्तीर्ण झाल्याने व पुन्हा बसण्याचे धैर्य न झाल्याने.'

नोटरीकडचा कारकून वाचून म्हणाला, "असं कुणी लिहितं का? कौटुंबिक टाका ना."

म्हटलं, शिक्का मारा.

नवी लेटरहेडं छापून तयार. 'आंतरराष्ट्रीय'. पाच वेळा तपासलं. मग एकदा गजाननकडून वाचून घेतलं. स्वतःवर भरवसा नाही म्हणून.

१५ जुलै

हे कॉलेजच्या बाकावर बसून लिहितोय. मुलाखतीच्या वेळचाच बाक. कार्यालयाची खिडकी पाचला बंद होते.

लेटरहेडचा गठ्ठा मॅडमना दिला आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं. जुनी चूक माझी. तुम्ही बरोबर लिहिलं होतं, मी खोडलं. पुरावा म्हणून तो निळ्या शाईचा कागदही दाखवला.

त्यांनी चष्मा लावून तो वाचला. "मला तेव्हा शंका आली होती हो. पण म्हटलं, छापणाऱ्याला जास्त कळत असेल. म्हणून गप्प बसले. मग काय, सवयच झाली."

तीन वर्षं! स्वतःचं बरोबर असताना! लाल पेन बघितलं आणि माघार घेतली. ही बाई आम्हाला वाटाघाटी शिकवणार. खोलीवर गेल्यावर गजाननला सांगायला किती रंगेल, असं मनात आलं, आणि मग कळलं की मी हसतोय.

त्या म्हणाल्या, "माझ्या प्रश्नाचं काय झालं?"

म्हटलं, "आबा म्हणायचे, मामा तिथंच राहिला, मुलूख सरकला." कोण आबा, कुठला मामा, तेही सांगितलं. घाट, नाका, घुंगरमाळेची जकात.

मॅडमनी वही ओढली आणि लिहून घेतलं. 'करोडगिरी'तल्या 'गि'ची वेलांटी पहिली की दुसरी, मलाच विचारलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याचं आठवत नाही. "हे वर्गात सांगाल?" म्हणाल्या. "टी.सी. आणली ना?"

"आणली."

"मग खिडकीवर द्या." आणि डबा उघडला. त्यांचं जेवण राहिलं होतं.

त्याला पाऊण तास झाला. टी.सी., गुणपत्रिका, शपथपत्र, सगळं क्रमानं पिशवीत आहे. सलीमभाईंचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. चार पंचवीस.

समोर सूचनाफलकावर पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक लावलंय. सोमवार, पहिला तास: 'संयूक्त राष्ट्रे व हैदराबादचा प्रश्न'. 'यू' दीर्घ. इतका वेळ दुसरीकडं बघून पाहिलं. जमलं नाही. उठलो, आधी मोबाईलवर शब्दकोश उघडून खात्री केली, मगच पेन काढून 'यु' ऱ्हस्व केला.

मागून शिपाई ओरडला, "ओ! फलकाला हात लावू नका. तुम्ही इथले विद्यार्थी हाईत का?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तो उभाच आहे. चार चौतीस.