हनुमान वाघाच्या पिंजऱ्याचे मधले दार

प्रति,
मा. अधीक्षक,
आंबेवळण प्राणी उद्यान,
ता. केज, जि. बीड.

विषय : वाघीण संस्कृती व वाघ हनुमान यांच्या पिंजऱ्यांमधील सरकते दार उघडण्याचा आदेश मिळणेबाबत.
संदर्भ : याच विषयावरील माझे यापूर्वीचे चार अर्ज.

महोदय,

आज सकाळी ७.१० ते ८.१० या एका तासात संस्कृतीने मधल्या जाळीवर उजवा गाल चौतीस वेळा घासला, डावा सहा वेळा. उजवाच जास्त का, ते मला सांगता येत नाही. एरवी ती दिवसभरात दोनदासुद्धा जाळीजवळ जात नाही. पलीकडून हनुमान नाकाने फुरफुरून उत्तर देत होता. वाघांचा हा आवाज सलोख्याचा असतो. वाघीण कालपासून माजावर आहे, आणि हा काळ पाच-सहा दिवसच टिकतो.

२. हनुमान १६ मार्चला केवळ प्रजननासाठी दुसऱ्या उद्यानातून आपल्याकडे आला. वरिष्ठांची परवानगी त्याच्याही आधी आली होती. २० नोव्हेंबरला त्याला परत पाठवायचे आहे. संस्कृतीला अकरा वर्षे पूर्ण झाली असून तिला अद्याप एकही पिल्लू नाही. हे चार-पाच दिवस गेले, तर पुढे होण्याची आशा जवळजवळ नाहीच.

३. वाघ शनिवारी आला, म्हणून सल्लागार समितीने त्याचे नाव हनुमान ठेवले. एप्रिलच्या बैठकीत सदस्य अर्जुनराव यांनी विचारले, "हनुमानाचं लगीन लावायचं? लोकं काय म्हनतील आपल्याला?" तेवढ्यावर फाईल मिटली. देवाविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु या अर्जाची आवक नोंद करणारे आपले लिपिकही हनुमानच आहेत व त्यांना तीन मुले आहेत, हे नम्रपणे निदर्शनास आणते. त्यांच्या लग्नात अर्जुनराव पहिल्या पंगतीला होते, असे ते स्वतः सांगतात.

४. जूनमध्ये वाघाचे नाव बदलून 'रविराज' करण्याचा ठराव झाला. राखणदार धुळाजी काका रोज संध्याकाळी नावाने हाक मारून वाघाला आतल्या खोलीत घेतात. ठरावानुसार त्यांनी 'रविराज' अशी हाक मारली. वाघाने कानसुद्धा हलवला नाही. पहिल्या दिवशी तो दोन तास चाळीस मिनिटे बाहेरच बसून राहिला. असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी काका कंटाळून "आरं हनमंता, ये की बाबा" म्हणाले आणि तो मिनिटभरात आत आला. ठराव मागे घेण्यात आला. फाईल मात्र मिटलेलीच राहिली.

५. सप्टेंबरमध्ये अर्जुनरावांनी लग्नास मान्यता दिली, पण अट घातली : "मग जोडपं कायमचं एकाच घरात ठिवा. येगळं ठिवलेलं बरं दिसत न्हाई, बाया-मानसं बघाया येत्यात." वाघ हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. माज संपल्यावर दोघांना एकत्र कोंडले, तर भांडणात एखाद्याचा जीव जाऊ शकतो. पिल्ले वाघीण एकटीच वाढवते. यात कोणाचा संसार मोडत नाही. त्यांचा संसार असाच असतो. मी यावर अकरा पानांचे टिपण दिले. मेंढरांत वाढलेल्या धुळाजी काकांनी तेच एका दमात सांगितले : "म्याडम, माज हाय तवर दार उघडं, सरला की बंद. आमच्या मेंढरांनी यासाठी कदी मीटिंग घेतली न्हाई."

६. माझ्या चारही अर्जांवर आपला 'चर्चा करावी' असा शेरा आहे. मी चारही वेळा चर्चेस आले. तीनदा आपण पाटोद्याला गेला होतात. एकदा आपण होतात, तेव्हा चहा पाजून माझ्या आईची तब्येत विचारलीत. चहा चांगला होता. आईही बरी आहे.

७. पशुवैद्यक आज हजर आहेत. भांडण झाल्यास दोघांना पांगवण्यासाठी पाण्याचे पाइप जोडून ठेवले आहेत. तरी दार आजच उघडण्याचा व माज सरताच बंद करण्याचा आदेश व्हावा, ही विनंती. लेखी आदेशास वेळ लागणार असेल, तर तोंडी द्यावा. कागद मी मागाहून तयार करीन.

उत्तराची आजच वाट पाहणारी, आपली नम्र,
शिवकन्या त्रिंबक ठोंबरे
जीवशास्त्रज्ञ
दि. १४ नोव्हेंबर २०२४

सोबत : आजच्या निरीक्षणाचा तक्ता.

ता. क. (दुपारी १२.२०) : अर्ज आवक करण्यास दिला असता लिपिक हनुमान यांनी परिच्छेद ३ मोठ्याने वाचला व "चार म्हना म्याडम, परवाच चौथी झाली" असे सांगितले. त्याप्रमाणे दुरुस्ती समजावी. ते ऐकून आपण हसत केबिनबाहेर आलात व माझ्यासोबत पिंजऱ्यापर्यंत चालत आलात. संस्कृती जाळीला गाल लावून उभी होती. आपण सहा मिनिटे पाहत राहिलात. त्यानंतरचे आपले शब्द नोंदीसाठी जसेच्या तसे लिहिते : "धुळाजी, उघड ते दार. अर्जुनरावांना मी सांगतो."