रिकामी किटली

दिंद्रुड,
ता. १२ एप्रिल १९८७

महानंदा,

वर 'प्रिय' लिहिलेलं न्हाई, शोधत बसू नको. परळीला मावशीकडं खुशाल असशील. वैशाखात लग्न, खुशाल नसायला काय झालं! आणि मावशी, पाकीट तुम्हीच आधी फोडलं असंल तर तुम्हीबी वाचा. चोरून लिहावं असं आता काही उरलं न्हाई.

इकडं विहिरीत नुसता गाळ. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. तुझे अप्पा अजून दूध सोसायटीचे चेअरमन हायेत, गावात दूध न्हाई तरी. झालं क्षेमकुशल.

तू माझ्या आईची जखम माझ्यापासून लपवलीस. आठ महिने! उजव्या कमरंवर, लुगड्याची गाठ बसती तिथं. तू सोसायटीत मापाला बसायचीस, आई दूध घालायला यायची, अन् तू तिला मागच्या खोलीत नेऊन बोरिक लावून पट्टी बांधायचीस. मला औरंगाबादला आठवड्याला चार-चार पानं लिहायचीस. परवा सगळी काढून वाचली. चिमणीनं वजनकाट्यावर घरटं केलं ते हाय त्यात. आई न्हाई.

शपथ घातली होती म्हणशील. आईबी तेच सांगती, "पोरगं कालेज सोडून यील, म्हणून मीच तिला गप बसवली." सोडलंच की! तुझा साखरपुडा कळला तसं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष टाकून आलो. आईसाठी न्हाई आलो.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाईडॉक्टरनं तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला. पंचवीस वर्षं एकाच जागी आवळलेली गाठ, त्यात घाम, त्यात रोजगार हमीवर डोक्यावर पाट्या. कातडी काळी पडती, चिरती, भरून येती, परत चिरती, अन् एक दिवस भरायचीच थांबती. "अशा बाया येतात आमच्याकडं, पण फार उशिरा," डॉक्टरीण म्हणाली. "हिची जखम आधी कुणीतरी स्वच्छ ठेवलेली दिसते. चिघळलीय या दोन महिन्यांत. पट्टी कुणी बंद केली?"



ते तुला सांगतो. माघात गाय आटली, तरी आई रोज सकाळी रिकामी किटली घेऊन सोसायटीत जायची. मला वाटलं, आपल्या लग्नासाठी अप्पांचे पाय धरायला जाती. न्हाईतर तुम्ही दोघी मिळून मला गुंडाळताय. एक दिवस दारातच आडवली.

"दूध न्हाई तर कावून जाती गं?"

"सवय हाय बाबा."

मी किटली हिसकून फेकली. तिच्या कमरंला लागली. ती तिथंच खाली बसली, तर मी म्हणलं, "नाटकं करू नको." पुन्हा ती गेली न्हाई. तू त्यानंतर महिनाभर मापाला होतीस. वाट बघितली असशील.

बुधवारी, २२ तारखेला ऑपरेशन हाय. भोवतीची दोन बोटं चांगली कातडी धरून कापणार, अन् मांडीची कातडी तिथं लावणार. जांघेत अजून गाठ आलेली न्हाई, म्हंजी रोग पसरलेला न्हाई. आता थांबलं तर यील. पण कापणारे सगळे गडी डॉक्टर. आई कागदावर अंगठा देईना. "गड्यापुढं लुगडं सोडायचं तर महानंदा उशाला पायजे. तिनं समदं बघितलंय."

लग्न ठरलेली पोरगी माझ्या आईपाशी दवाखान्यात दिसली तर तुझ्याकडं काय बोलतील, ते मला कळतं. मी फाटकाबाहेर थांबीन. तुझ्या तोंडाकडं बघणार न्हाई. माझा राग गेलेला न्हाई, तसा समज करून घेऊ नको. त्यातला तुझ्यावर किती अन् कुणावर किती, ते मात्र आता मला सांगता येत न्हाई.

काल आईला सांगून टाकलं, महानंदा येती म्हणून. तुला न विचारता. तिनं अंगठा दिला, अन् चार दिसांनी भाकर खाल्ली.

परळीहून अंबाजोगाईला सकाळी सातची यष्टी हाय.

भिवराबाईचा मुलगा,
राधाकिशन