उजवा कौल

बाबा,

परवा तुमच्या रस्त्यावरून गाडी चालवली, एकटीने. मिठबावच्या घरून सकाळी निघाले, आचऱ्याची खाडी ओलांडली, मालवणात न थांबता पुढे गेले, कर्लीच्या पुलावरून पलीकडे उतरले आणि परुळ्याची चढण लागली. पूल नंतर झाले, तुमची एसटी आतून वळसे घेत जायची, पण दिशा तीच. आता याला सागरी महामार्ग म्हणतात. पुण्या-मुंबईची माणसं केवळ या रस्त्यावरून जाण्यासाठी येतात, मध्येच गाडी उभी करून समुद्राकडे पाठ करतात आणि स्वतःचे फोटो काढतात. तुम्ही असतात तर हॉर्नवर हात ठेवून चार शब्द ऐकवले असतेत. मी एवढी थकले होते की हॉर्न वाजवायचाही कंटाळा आला. समुद्र होता, निळाच होता, मी तो आरशात दिसेल तेवढा पाहिला.

आई विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर घसरली, तेव्हापासून मी दर महिन्याला पुण्याहून येते. घाट उतरते, तिची औषधं भरून ठेवते, तिच्याशी भांडते, पुन्हा घाट चढते. माझ्या रजा संपल्या आणि माझी कंबरही संपत आली आहे. मी थकले आहे, बाबा. हे तुम्हांला सांगायला लाज वाटत नाही, कारण ड्यूटीवरून आलात की तुम्हीही बूट न काढता दारापुढच्या खळ्यात बसून राहायचात आणि आईने आणलेला चहा समोर निवून जायचा. या खेपेला मी आईला म्हटलं की आता पुरे, माझ्याबरोबर चल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “देवाक इचारून ये. उजवो दिल्यान तर येतंय. डावो दिल्यान तर परत ह्यो विषय काढू नको.”

देव म्हणजे तुमच्या मूळ गावचा, म्हापणच्या पुढे फाट्यावरून आत गेलं की लागतो तो. आपल्या घरात काहीही अडलं की त्याला कौल लावायचा. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवणार, गाऱ्हाणं घालणार, आणि उजवीकडची आधी गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. हे काम तुमच्याकडे असायचं, कारण तुमची गाडी त्याच फाट्यावरून जायची. आई सकाळी नारळ तुमच्या पिशवीत घालायची, तुम्ही वेंगुर्ल्याला वस्ती करून दुसऱ्या दिवशी देवाचं उत्तर घेऊन यायचात. विहीर कुठे खणायची ते असंच ठरलं, आणि पाणी लागलं तेव्हा आईने देवाच्या दिशेने साष्टांग नमस्कार घातला. माझं कोल्हापूरला शिकायला जाणंही असंच ठरलं. तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. आई चुलीपाशी बसली आहे, डोळे पुसते आहे, पोरीची जात, चेडू परगावी ठेवायचं नाही म्हणून दोन दिवस जेवलेली नाही. तुम्ही दारातून येता, खाकी शर्ट खुंटीला अडकवता आणि पाठमोरेच म्हणता, “उजवो पडलो. लावल्या लावल्या पडलो.” आई उठून माझ्यासाठी लाडू वळायला घेते. माझं शिक्षण, माझी नोकरी, हे सगळं आयुष्य त्या एका पाकळीवर उभं आहे असं मी आजवर मानत आले.

देवळात पोचले तेव्हा दुपार झाली होती. गुरव आता म्हातारे झाले आहेत, एक डोळा अधू आहे. मी तुमची ओळख सांगितली तशी ते हसायलाच लागले.

“डायवराचा चेडू? अगो, बस बस. तुझो बापूस म्हणजे नग होतो.”

मी म्हटलं की बाबा कौल लावायला यायचे, तसाच आज लावायचा आहे.

“कौल?” ते म्हणाले. “तेणी खंय कौल लावल्यान? फाट्यार गाडी चालू ठेवन खिडकीतसून नारळ माझ्या हातात देयत. मिया इचारी, कौल लावूचो नाय? तर म्हणत, देवाक कित्याक तरास? माका काय व्हया ता माका ठावक आसा. आणि गाडी सोडीत.”

“एकदाही नाही?”

“एकदाव नाय. नारळ मात्र कधी चुकवूक नाय हां.”

मी पायरीवर बसले. म्हणजे बाबा, तुम्ही देवाच्या हातावर नारळ ठेवून आईच्या हातावर तुरी दिल्यात. मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि गुरवांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. चिडावं असंही वाटलं, पण कोणावर? तुम्ही खोटं बोलला नसतात तर मी परवा तिथे गाडी घेऊन पोचलेच नसते.

मग मी खरा कौल लावून घेतला. गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि आवाज चढवला, “बा देवा म्हाराजा, तुझ्या कुळाची लेक आज तुझ्या पायाकडे इली आसा. म्हाताऱ्या आवशीक पुण्याक व्हरूची काय नको, तुझ्या मनात काय आसात ता सांग, आणि हिचो घोर दूर कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा,” म्हणणारी मी एकटीच होते. आम्ही वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने उजवीकडची पाकळी सुटली आणि खाली आली. “घे,” गुरव म्हणाले, “व्हर आवशीक.”

हवं ते मिळालं होतं. परतीच्या वाटेवर मात्र परुळ्याच्या सड्यावर, त्या उघड्या माळावर, आले आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर पडेना. डोळ्यांसमोर माझ्या दोन खोल्या येऊ लागल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी ऑफिसात असताना दिवसभर एकटी बसलेली आई, आणि संध्याकाळी मी दार उघडते तेव्हा तिचं “इलंस?” त्या घरात मी कितीतरी वर्षं कोणाशीही न बोलता चहा पिते आहे, आणि तेवढंच माझं स्वतःचं आहे. बरोबर चल म्हणताना ती नाहीच म्हणणार असं मी मनात धरून चालले होते की काय, कोण जाणे. काजूच्या बोंडांचा वास येत होता, वाटेत दोनदा गाडी बाजूला घेऊन नुसती बसून राहिले.

घरी पोचले तर आई खळ्यात उभी.

“खंयचो पडलो गो?”

“डावो,” मी म्हटलं. आणि पाठमोरी होऊन चप्पल काढत राहिले.

आई पायरीवर टेकली आणि म्हणाली, “बरा. मगे कोंबड्यो परत हाडूक होयत.”

मला समजेना.

“तू गेल्यार शेजारणीक दिलंय. म्हटलंय, देव काय नाय म्हणाचो नाय. तुझ्या बापाशीक कधी म्हणाक नाय तो.”

अजूनही उजवा म्हणता आलं असतं, बाबा. तुम्ही खोटं बोललात ते मला या घरातून बाहेर काढायला. मी बोलले ते तिला माझ्या घरात येऊ न द्यायला. हे तिला सांगणं मला जमणार नाही, म्हणून तुम्हांला लिहिते आहे, आणि लिहून झालं की फाडून टाकेन. मी टोपली घेतली, शेजारणीकडून कोंबड्या आणल्या आणि खुराड्यात सोडल्या. आई पायरीवर बसून बघत होती.

आणि त्या रात्री, खूप महिन्यांनी, मला गाढ झोप लागली.